पंचविसाचा भोंगा

पप्पांच्या हार्टचं दुखणं निघालं आणि आमच्या घरातून तेल हद्दपार झालं. त्या दिवसांची माझी आठवण दवाखान्यापासून सुरू होत नाही, बिनतेलाच्या वांग्याच्या भरितापासून सुरू होते. खानदेशी माणसाच्या ताटात बिनतेलाचं भरीत वाढणं म्हणजे त्याचा उघड अपमान करणं, आणि मम्मी तो अपमान अगदी मनापासून करायची. पप्पा ताटाकडे बघायचे, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणायचे, "मने, हे वांगं आजारी आहे का मी?" मला हसू फुटायचं. मम्मीला नाही. तिला त्या दिवसांत कशाचंच हसू येत नव्हतं.

आम्ही बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात, वेशीच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला एका बोळात, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली आणि आजूबाजूला पॉवरलूम. दिवसभर खटखट चालायची, आणि ती इतकी अंगवळणी पडली होती की लाइट जाऊन माग थांबले तर दुपारी झोपलेला माणूस दचकून उठायचा. पप्पा मूळचे यावलकडचे, पण त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली नेपानगरला कागदाच्या कारखान्यात. दुखण्यानंतर त्यांनी नोकरी सोडली, क्वार्टर सुटलं, आम्ही बुऱ्हाणपुरात आलो. कारखान्याचा भोंगा मात्र त्यांच्या डोक्यातून सुटला नाही. सकाळच्या चहाला ते म्हणायचे "पहिला भोंगा झाला", जेवायला "दुपारचा झाला", आणि टीव्ही बंद करायचा तर "सुटीचा झाला, चला". इथे भोंगा कुठला ऐकू यायला! पण घरात आम्हीही तसंच बोलायला लागलो होतो. घरात म्हणजे आम्ही तिघंच. आशिषदादा पुण्याला नोकरीवर होता आणि फोनवरून काळजी करायचा.

दोन स्टेंट घालून पप्पा घरी आले ते निम्मे होऊन. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालून जाणाऱ्या ऑटो बघायचे. मध्येच डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून गप्प व्हायचे, ओठ हलत राहायचे. मी अभ्यासाच्या पुस्तकातून डोकं वर काढून ते बघायचे आणि परत पुस्तकात घालायचे. बाप घाबरलेला आहे हे मला कळत होतं, पण ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. कारखान्यात तेवढी मोठी यंत्रं चालवलेला माणूस जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबून म्हणायचा, "थांब वं, जरा नजारा बघू दे." जिन्यात कसला आलाय नजारा? समोर भिंत होती. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे, गुडघे दुखतात, आणि जिन्यात थांबावं लागलं की मीही नजारा बघते. त्यांना तेव्हा काय वाटत असेल ते आता बरोबर कळतं.

डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण बोलता येईल इतपतच. धाप लागली की थांबायचं. दादानं हे ऐकलं आणि पुण्याहून एक इलेक्ट्रिक माउंटन बाइक पाठवून दिली. बोळात ती उतरवली तेव्हा मागवाले काम सोडून बाहेर आले. जाडजूड टायर, पुढे शॉकअप, काळी-हिरवी, आणि मधल्या दांडीत पाण्याच्या बाटलीएवढी बॅटरी. "डोंगर चढती है क्या?" कुणीतरी विचारलं. पप्पा म्हणाले, "आधी जिना चढून दाखवू दे मला, मग डोंगर." मम्मीनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं, पप्पांना दाखवलं फक्त.

त्या सायकलीचा एक कायदा होता. पेडल मारलं की मोटार आपणहून जोर लावायची, पण वेग पंचविसावर गेला की ती हात काढून घ्यायची. त्याच्या पुढे जायचं तर स्वतःच्या पायांनी जा. आणि सायकल चांगली जड, त्यामुळे मोटार सुटली की एकदम चिखलात घातल्यासारखं वाटायचं. पप्पांनी पहिल्याच दिवशी त्याला नाव दिलं. तापीच्या राजघाटापर्यंत जाऊन आले आणि जिन्यातूनच ओरडले, "पंचवीस झाले का भोंगा होते! मोटार डबा उचलून घरी चालली जाते, मी एकटाच कामावर!" तेव्हापासून आमच्या घरात त्या लिमिटचं नाव भोंगा पडलं.

सुरुवातीला त्यांना त्याची मजा वाटली. मग राग यायला लागला. त्यांचं म्हणणं असं, की नेमकं जरा बरं वाटायला लागतं, कानाला वारा लागतो, आणि तेवढ्यात ती हात काढून घेते आणि छातीला समजतं की आपण आजारी आहोत. शाळेतली पोरं साध्या सायकलींवरून त्यांना मागं टाकून जायची आणि वर "अंकल, बॅटरी डाउन?" म्हणायची. हे त्यांच्या जिव्हारी लागायचं. एक दिवस त्यांनी मला हळूच सांगितलं, "मने, रईस म्हणे एक तार राहते. पांढरी. ते उपटली का भोंगा बंद. चाळीसवर जाते गाडी." मला पण ती तार उपटावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. पण मम्मी पोळ्या लाटत होती आणि तिचे कान लाटण्यापेक्षा लांब होते.

रईसभाईचं दुकान बोळाच्या तोंडाशी. आधी तो मागाच्या मोटारी दुरुस्त करायचा, मग बॅटरीच्या गाड्या आल्या तशा त्याही करायला लागला. मम्मी त्याच संध्याकाळी डोक्यावर पदर घेऊन दुकानात गेली, मला बरोबर घेऊन. तिची हिंदी तिची स्वतःची होती. "रईसभाई, तुमको बोलके रखती. वो तार को हात नहीं लगाना. अंकल पाव पडे, रडे, कुछ भी करे. तुमको अम्मी की कसम."

"आंटी, मैं क्यूँ लगाऊँगा?"

"नहीं लगाएगा ना? फिर ये लगाओ." आणि तिनं ब्लाउजमधून नेलपॉलिशची बाटली काढली. लाल. माझीच होती. रईसभाईनं पेडलखालच्या, ती तार असलेल्या कंट्रोलरच्या डबीच्या स्क्रूंवर एकेक लाल थेंब सोडला. डबी कुणी उघडली तर थेंब फुटणार आणि चोरी पकडली जाणार, अशी तिची योजना. ही युक्ती तिनं कुठे बघितली होती कोण जाणे. पप्पांनी दुसऱ्या दिवशी ते लाल स्क्रू बघितले आणि म्हणाले, "गाडीचं लगन लागलं वाटते." पण विषय तिथे मिटला.

मग एका सकाळी मंडीजवळ एका ऑटोनं त्यांना हलकासा कट मारला. पडले नाहीत, पायसुद्धा खरचटला नाही, पण ऑटोवाल्यानंच घरी येऊन सांगितलं आणि मम्मीचा दिवस गेला. संध्याकाळी ती बाजारातून गणपती घेऊन आली. कारमध्ये पुढे लावतात तसला, अंगठ्याएवढा, खाली चुंबक असलेला. आता तो लावायचा कुठे यावर अर्धा तास गेला. हँडलला चिकटेना. मधल्या दांडीवर चिकटला, पण पप्पा सायकलवर बसताना तिच्यावरून पाय टाकायचे. देवावरून पाय कसा टाकणार? खालच्या दांडीवर चिखल उडणार. शेवटी तिला मागची जागा पसंत पडली. सीटखालून मागच्या चाकाकडे जी तिरकी दांडी उतरते, तिच्यावर दुसरीच एक छोटी काळी डबी आवळलेली होती. डबीच्या वर देव टेकवला की त्याला बसायला ओटाही मिळत होता आणि खाली घसरायची भीती नव्हती. पाय लागायचा प्रश्नच नाही. "बघ कसा बसला," मम्मी म्हणाली, "जशी काय त्याच्यासाठीच बनवलेली डबी." तिनं हात जोडले, मीही जोडले.

दुसऱ्या दिवसापासून भोंगा वाजेनासा झाला.

पप्पा त्या दिवशी राजघाटावरून परत आले ते शिट्टी वाजवत. जिना एका दमात चढले. नजारा वगैरे काही बघितला नाही. "भोंगाच झाला नाही आज," ते म्हणाले, "पंचवीस येऊनच नाई राहिले वाटते, मीटर तर झिरोवर अडकलं. पण मले काही चिखल लागला नाही, वाऱ्यासारखा आलो." मीटर बिघडलं असणार, दादाला कळवू, असं ठरलं आणि सगळे विसरून गेले. दोन-चार दिवसांनी त्यांनी धूळ बसते म्हणून मीटरवर दुधाची रिकामी पिशवी रबरानं बांधून टाकली. म्हणाले, "झिरो पाहून मूड जाते." वेग ते आता दुसऱ्या मापानं सांगायचे. आज एक ऑटो मागं टाकली. आज केळीचं पिकअप टाकलं, भरलेलं. आज ती शाळेतली पोरं टाकली आणि वर त्यांना विचारलं, "बेटा, हवा कम है क्या?"

आणि घर बदललं. ते वर्ष आठवलं की मला हे दिवस सगळ्यात जास्त आठवतात. पप्पा मोठ्यानं बोलायला लागले. मनगटावरची बोटं गेली. सकाळी मला चहा करून द्यायला लागले, त्यात साखर डबल. गल्लीतल्या मागवाल्यांशी त्यांच्या मोटारींवरून वाद घालायला लागले. बिनतेलाच्या भरिताला नावं ठेवायची थांबली नाहीत, पण दोनदा मागून घ्यायला लागले. एक दिवस मावा जिलेबीच्या दुकानासमोर त्यांची सायकल दिसल्याची बातमी आली, मम्मीनं जाब विचारला तर म्हणाले, "वास घेतला फक्त. वासाले कोलेस्टेरॉल राहते का?" त्यांना एकच गोष्ट पक्की वाटत होती: हृदय नवं झालं. मोटार हात काढून घेते तरी आता मला कळतसुद्धा नाही, इतके माझे पाय चालतात, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

मम्मीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. ही तीच गाडी, तेच पाय, मग पिकअप कसं काय मागं पडतं? ती तरातरा रईसभाईकडे गेली. त्यानं बिचाऱ्यानं सायकल आडवी पाडून लाल थेंब दाखवले. एकही फुटला नव्हता. "आंटी, कसम से. मैंने छुआ भी नहीं." मी तिथेच होते, म्हणून मी विचारलं, की गाडीला कळतं कसं पंचवीस झाले ते? रईसभाईला असं विचारलेलं आवडायचं. चाकाच्या आऱ्यावर अडकवलेला मणी त्यानं बोटानं दाखवला. "ये चुंबक है. चाक के हर चक्कर में ये उस डिब्बी के सामने से जाता है, समझो सलाम करता है. डिब्बी सलाम गिनती है. ज्यादा जल्दी-जल्दी सलाम हुए तो मोटर को बोलती है, बस कर." असं म्हणून त्यानं चाक फिरवलं, डबीवर बसलेल्या गणपतीला सवयीनं हात लावून कपाळाला लावला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. देव हलवून बघावं हे त्याच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याचा देव कोण हलवणार?

माझ्याही लगेच डोक्यात आलं नाही. पण बारावीला फिजिक्स होतं, आणि संध्याकाळी सायकल पुसताना मी तो गणपती जरा बाजूला घेतला, चाक हातानं फिरवलं, आणि पिशवी सरकवलेल्या मीटरमध्ये आकडे हलले. परत डबीवर बसवला, झिरो. काढला, आकडे. बसवला, झिरो. देवाच्या आसनाखालचं चुंबक इतकं दणकट की डबीला चाकावरचा सलाम दिसतच नव्हता. तिच्या हिशेबानं सायकल जागेवर उभी होती, आणि उभ्या सायकलला कुणी कशाला थांबवेल? महागाच्या गाड्या अशा वेळी मोटार बंद करून टाकतात म्हणे. आमची तेवढी हुशार नव्हती. मी जिन्याखालीच बसले आणि एकटीच हसत सुटले. पप्पा हळू जावेत म्हणून मम्मीनं जो देव बसवला, त्यानंच लिमिट काढून टाकलं होतं.

मम्मीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. कणकेचा हात तसाच ठेवून बसून राहिली. मला वाटलं ती आता खाली जाईल आणि गणपती काढून आणेल. पण ती म्हणाली, "मग ते बरे नाई झालेले?"

"मम्मी, मला काय माहीत. मोटार जोर लावते एवढंच."

"काढला तर परत भोंगा व्हईन."

"हो."

"मंग ते परत गॅलरीत बसतीन." ती माझ्याकडे बघत होती, पण विचारत स्वतःलाच होती. नाही काढला तर पिकअपच्या चाकाखाली जातील, काढला तर त्या खुर्चीत जातील, या दोन्हींच्या मध्ये ती अडकली. इतक्या वर्षांनी मी सांगू शकते की ती त्या क्षणी त्यांच्या मरणाला जेवढी घाबरली होती तेवढीच त्या खुर्चीलाही. शेवटी तिनं निर्णय घेतला, तो तिच्यासारखाच. सोमवारी संकष्टी होती. चतुर्थीच्या तोंडावर बसलेला गणपती हलवायचा नाही. चतुर्थी होऊ दे, दुसऱ्या दिवशी दूर्वा वाहून, माफी मागून, तो देव्हाऱ्यात ठेवू, आणि पप्पांना काय सांगायचं ते तेव्हा बघू. तोपर्यंत तू तोंड उघडायचं नाही, असं मला बजावलं.

सोमवारी पप्पा राजघाटावर जाऊन येतो म्हणून निघाले आणि दुपारचं जेवण टळलं तरी आले नाहीत. फोन लावला तर तो घरातच, फडताळावर चार्जिंगला, मम्मीचंच नाव दाखवत वाजत होता. मी पळत राजघाटावर गेले. तापीचं पाणी संथ, पायऱ्यांवर धुणी, एक-दोन माणसं. बॅटरीची सायकल कुणी बघितली नव्हती. रईसभाई स्कूटरवरून मंडीकडे, पुलाकडे फिरून आला. घरी येते तर मम्मी कानाला फोन लावून उभी. डोईफोडियाहून कमलआत्या, पप्पांची धाकटी बहीण, बोलत होती. तिचं गाव जंगलाच्या काठाला, तिकडे रेंजचा कधीच भरवसा नसायचा. "वहिनी... भाऊ इथी... सायकल... पडून राहिला... लवकर या," एवढंच आलं आणि फोन तुटला. परत लागेना. कितीदा लावला तरी लागेना.

रईसभाईनं केळीवाल्याचं एक रिकामं पिकअप मागून आणलं. पुढे तो, मी आणि मम्मी. मम्मीनं पिशवी भरली होती: पप्पांची दवाखान्याची फाइल, गोळ्या, एक शर्ट आणि एक पांढरी चादर. चादर कशाला, हे मी विचारलं नाही. रस्ताभर दोन्ही बाजूंना केळी आणि कपाशी, आणि त्यात मला प्रत्येक वळणावर काळी-हिरवी सायकल आडवी पडलेली दिसायची, जवळ गेलं की तो पाण्याचा पाइप असायचा. मम्मी सकाळपासून उपाशी. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिनं मान हलवली. फक्त वाटेतलं खकनार आल्यावर एकदाच बोलली, आणि ती माझ्याशी नाही. "मीच बसवला त्याले तिथं," ती म्हणाली. रईसभाईला काही कळलं नाही. तो म्हणाला, "आंटी, अल्लाह सब ठीक करेगा," आणि गाडी आणखी जोरात दामटली.

आत्याच्या अंगणात शिरलो तर लिंबाखाली बाजेवर पप्पा पडलेले. एक हात डोळ्यांवर. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. मम्मी गाडी थांबायच्या आधीच उतरली. पप्पांनी डोळ्यांवरचा हात काढला, उठून बसले आणि म्हणाले, "आलात? बरं झालं. कमलनं कळण्याच्या भाकरी टाकल्या."

आत्या आतून त्या ज्वारी-उडदाच्या भाकरींचं ताट घेऊन आली. "वहिनी, मी तं सांगून राहिली होती, भाऊ सायकलवर आला, दमून पडून राहिला, तुम्ही पण लवकर या जेवाले! तर फोनच गेला मेला." मम्मी बाजेच्या कडेला बसली. पिशवी मांडीवरून खाली पडली ती तिनं उचलली नाही. तिनं पप्पांच्या ताटातली भाकरी तोडली, ठेच्याला लावली आणि खाल्ली. आत्या म्हणाली, "वहिनी, आज चतुर्थी ना?" मम्मी म्हणाली, "राहू दे." आणि दुसरा घास तोडला. चादर मी हळूच पिकअपमध्ये नेऊन ठेवली.

मग अर्थातच भांडण. कोणाला विचारून आलात? विचारलं असतं तर येऊ दिलं असतं का? फोन काहून ठेवला घरी? विसरलो वं! पप्पा मुळीच ओशाळलेले नव्हते. भाकरी हातात नाचवत म्हणाले, "बुऱ्हाणपुरातून इथवर आलो मी. तुमच्या डॉक्टरले सांगा. दिल माझं नवं झालं. दोन पिकअप टाकले रस्त्यात, एक बस टाकली! भोंगा नाई, काई नाई. मी पळवतो गाडीले, गाडी मले नाई पळवत."

मी दिवसभर घाबरले होते, आणि आता ती सगळी भीती रागात उतरली. "तुम्ही नाही पळवत, पप्पा," मी म्हणाले. "गणपती पळवतो." आणि सांगून टाकलं: डबी, चुंबक, सलाम, झिरो, सगळं. मम्मीनं माझा हात दाबला, पण निम्मं सांगून झालं होतं, उरलेलं कसं थांबवणार? पप्पा ऐकत राहिले. हातातली भाकरी त्यांनी ताटात ठेवली. "म्हंजे लिमिट निघालेली होती," ते म्हणाले. "हो." "म्हंजे हे सगळं मोटारीनंच केलं." आणि मग मी बघितलं, त्यांची दोन बोटं हळूच मनगटावर गेली.

रईसभाईला एवढं सगळं मराठी समजलं नव्हतं, पण चुंबकाचं समजलं होतं. तो डोकं धरून हसला, मग स्वतःच्याच डोक्यात टपली मारली, आणि उठून भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे गेला. दुधाची पिशवी काढून त्यानं मीटरचं बटण दाबलं. परत दाबलं. बॅटरीला कान लावला. "अंकल, ये तो मुर्दा है."

"काय?"

"बॅटरी. पूरी खतम. कब गई?"

"कुठी गेली? चालूच तं होती," पप्पा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. "खकनारच्या पुढं तो नाल्याचा पूल आहे ना, तिथून जरा जड लागून राहिली होती. मी म्हटलं वारा सामोरा आहे."

रईसभाईनं वर बघितलं, मीही बघितलं. लिंबाचं पान हलत नव्हतं. पिकअपमध्ये खिडकी उघडी ठेवून आम्ही त्याच रस्त्यानं आलो होतो आणि गरमीनं जीव गेला होता. वारा नव्हताच. "लिमिट नहीं था ना," रईसभाई म्हणाला, "ज्यादा भगाया तो जल्दी पी गई बॅटरी. अंकल, मोटर तो उस पुल पे ही मर गई थी. उसके आगे तो आप आए हो."

"मी?"

"और कौन? इतनी भारी गाडी. मैं नहीं ला सकता."

पप्पा बाजेवरून उठले. सायकलजवळ गेले, पेडलला हात लावून ते एकदा फिरवलं, मोटारीनं काहीच केलं नाही. मग ते वळून आत्याला म्हणाले, "कमल, त्या पुलापासून इथवर किती लांब आहे वं?"

"लई लांब आहे भाऊ. माझं लगन होऊन मी या गावात आली ना, त्या पुलावर बैलगाडीत जाग होती मले. मग झोपली. उठली, परत झोपली, तरी गाव आलं नव्हतं."

"परत सांग."

आत्यानं परत सांगितलं. पप्पा मनगट विसरून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा होत गेला की मला तिकडे बघवेना. इतकं सुख एखाद्याच्या तोंडावर उघडं पडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढे ते पुष्कळ वर्षं जगले, माझ्या मुलांना सायकल त्यांनीच शिकवली, पण तसा चेहरा मला परत दिसला नाही.

आणि मम्मी रडायला लागली. दवाखान्यात ती रडली नव्हती, काचेच्या दारापलीकडे ते नळ्यांमध्ये झोपलेले असताना रडली नव्हती, पिकअपमध्ये नाही. आता मात्र हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून लहान पोरीसारखी मोठमोठ्यानं रडली. आत्या पाणी आणायला धावली. रईसभाई संकोचून पिकअपचं टायर तपासायला निघून गेला. पप्पा गडबडून तिच्यापुढे उभे राहिले, हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"अवं, आता काहून रडून राहिली? आता तं मी बरा झालो ना!"

"म्हणूनच तं," मम्मी म्हणाली.